बाकाखालची कवळी

"माझ्या हातून आजवर एकही डबा चुकीच्या तोंडी गेलेला नाही," बत्तिशी म्हणाला. "डोळे बांधा, हातावर डबा ठेवा, आत कुणाचे दात आहेत ते सांगतो. वरचे की खालचे तेही सांगतो."

गाडी चालवणारा पाना काही बोलला नाही. मागे नकाशा मांडीवर पसरून बसलेला मास्तरही काही बोलला नाही. शनिवारची छान सकाळ होती, दोघांचं पोटभर खाणं झालं होतं, आणि अशा वेळी मित्राची बढाई माणूस सोसून घेतो.

बत्तिशी हे काही त्याचं खरं नाव नव्हे, हे तुम्ही ओळखलंच असेल. दातांच्या दवाखान्यामागच्या खोलीत बसून तो कवळ्या करतो. डॉक्टर पेशंटच्या तोंडात लगदा कोंबून माप घेतात, पुढचं सगळं याचं. प्लास्टरचा साचा, मेणाच्या हिरड्या, एकेक दात बसवणं, घासणं, चमकवणं. काम झालं की कवळी ओल्या कापसात गुंडाळून गोल पांढऱ्या डब्यात ठेवायची आणि झाकणाला टेप लावायची. टेप लावल्याशिवाय डबा त्याच्या हातून सुटतच नाही. घरी लोणी काढून ठेवलेल्या डब्यालाही तो टेप लावतो, आणि मग सकाळी बायकोची बोलणी खातो.

पानाचं गॅरेज आहे आणि त्याच्या खिशात कायम एक पाना असतो. स्वतःच्या लग्नातही होता. मास्तर शाळेत भूगोल शिकवतो. जगातल्या नद्या कुठे उगम पावतात आणि कुठे समुद्राला मिळतात हे त्याला झोपेतही सांगता येतं, फक्त स्वतःच्या घराकडे वळायच्या कोपऱ्यावर तो अजून दोन्हीकडे बघून घेतो.

या तिघांना वर्षभरापूर्वी जिओकॅशिंगचं वेड लागलं. कुणीतरी कुठेतरी एक डबा लपवतो, त्या जागेचे अक्षांश-रेखांश ॲपवर टाकतो, आणि तुमच्या-आमच्यासारखी कामधंदा असलेली माणसं सुट्टीच्या दिवशी मोबाइल हातात धरून तो झुडपांतून शोधत बसतात. डब्यात असतं काय? रंग उडालेली खेळण्यातली मोटार, बिल्ला, रबराचा बेडूक. त्यातलं एक घ्यायचं, बदल्यात तेवढ्याच मोलाचं काहीतरी ठेवायचं, आणि डबा होता तसा परत लपवायचा. बस, एवढंच. बायकांनी यावर काय मत दिलं ते इथे लिहिण्यात अर्थ नाही.

आजवर त्यांनी दुसऱ्यांचे डबे शोधले होते. या शनिवारी ते आपला स्वतःचा पहिला डबा लपवणार होते. डबा अर्थातच बत्तिशीच्या कारखान्यातला, पाण्याचा थेंब आत जाणार नाही असा. मास्तरने त्यात एक शिट्टी, काचेच्या गोट्या आणि चिमुकला बूट लटकवलेलं किचेन भरलं. गाडीत खुळखुळ नको म्हणून वर कापूसही कोंबला, तोही बत्तिशीच्याच पिशवीतला. मग बत्तिशीने सवयीने त्याला टेप लावली आणि डबा पिशवीत ठेवला. त्या पिशवीत अगदी तसाच आणखी एक डबा होता, तसाच पांढरा, तशीच टेप लावलेला.

"एकावर नाव तरी लिही," पाना म्हणाला होता. त्याचंच उत्तर म्हणून वरची बढाई आली होती.

आता त्या दुसऱ्या डब्याविषयी सांगायला हवं, कारण बत्तिशीची उभ्या आयुष्यातली अब्रू त्यात कापसावर पडली होती. त्यात सासूबाईंची कवळी होती. तिसरी.

सासूबाई म्हणजे एका मोठ्या इस्पितळातल्या निवृत्त मेट्रन. त्यांच्या नुसत्या बुटांच्या आवाजाने पेशंटचा ताप उतरायचा, असं त्यांची मुलगी सांगते. आता त्या मक्याच्या शेतांमधल्या एका घरात एकट्या राहतात. जावयाच्या हातात कला आहे म्हणून त्यांनी मोठ्या विश्वासाने पहिली कवळी त्याच्याकडून करून घेतली. ती पहिल्याच शिंकेला बाहेर आली आणि समोर बसलेल्या थोरल्या जावयाच्या मांडीवर पडली. दुसरी जागेवर राहिली, पण बोलताना वाजायची. सासूबाई दोन वाक्यं बोलल्या की कुणीतरी दार उघडायला उठायचं. हळूहळू त्यांनी बोलणंच कमी केलं. हसताना तोंडावर हात ठेवू लागल्या. आणि दारात शेत असून त्यांनी कित्येक वर्षांत मक्याचं कणीस दातांनी खाल्लं नव्हतं. सुरीने दाणे काढून चमच्याने खायच्या. बत्तिशीने हे एकदा पाहिलं आणि त्याला रात्रभर कसंतरीच झालं.

त्यात थोरल्या जावयाने, म्हणजे बत्तिशीच्या साडूने, शहरातल्या एका नामांकित दंतवैद्याची सोमवारची वेळ घेऊन ठेवली होती. "घरच्या माणसाला किती त्रास द्यायचा?" असं तो अतिशय गोड आवाजात म्हणाला होता. साडूचा गोड आवाज कसा असतो ते ज्याला साडू आहे त्यालाच कळेल. रविवारी दुपारी जेवायला गेल्यावर तिसरी कवळी बसली तर ठीक, नाही तर सोमवारी सासूबाई शहरात. आणि सख्ख्या जावयाची कवळी काढून सासू परक्याचे दात लावून फिरायला लागली, तर बत्तिशीने दवाखान्यामागच्या खोलीत कुठल्या तोंडाने बसायचं? म्हणून महिनाभर तो त्या कवळीला घासत होता. बायको शुक्रवारीच आईकडे पोचली होती. जाताना ती एवढंच म्हणाली, "अहो, या वेळी तरी."

तर असा शनिवार. आडरस्त्यांवरून गाडी रमतगमत चालली होती. डांबर कधी असायचं, कधी नुसती त्याची आठवण असायची. दोन्ही बाजूंना मका उभा होता, वारा आला की एका अंगाला कलायचा आणि पुन्हा सरळ व्हायचा. त्यांनी एका पुलाच्या कठड्यात डबा शोधला, मग एका बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीच्या भिंतीत दुसरा शोधला. तिसऱ्यासाठी पाना एका ओढ्यात उतरला आणि चिखलात एक बूट ठेवून वर आला. शेवटी मास्तरने पानाच्या खिशातला पाना काढून त्याच्याच मालकाचा बूट उकरला. असा दिवस मजेत गेला.

ऊन कलल्यावर त्यांना हवी तशी जागा दिसली. रस्त्याच्या कडेला बस थांब्याचा निवारा होता. बस केव्हाच बंद झालेली. छप्पर, मागे भिंत, आत सिमेंटचं बाक, आणि सगळीकडे शांतता.

"बाकाच्या खाली, मागच्या बाजूला," मास्तर म्हणाला. "इथे वाकून बघणारा माणूस जगात नाही."

"डबा दे," पाना म्हणाला.

बत्तिशीने पिशवीत हात घातला. एक डबा उचलला, तळहातावर जोखला, परत ठेवला. दुसरा उचलला, जोखला, डोळे मिटले. तज्ज्ञाच्या चेहऱ्यावर येतं तसं एक हलकं हसू त्याच्या चेहऱ्यावर आलं.

"हा घ्या."

मास्तरने घरून छापून आणलेलं कार्ड झाकणावर चिकटवलं. त्यावर लिहिलं होतं: 'मिळाला का? अभिनंदन. आवडलं तर खुशाल घ्या. बदल्यात तेवढ्याच मोलाची वस्तू ठेवा. डबा होता तसा ठेवा.' मग पानाने गुडघ्यांवर बसून तो बाकाखाली आत सारला. तिघांनी त्या थांब्यासमोर एक फोटो काढला. फोटोत बत्तिशी सगळ्यात जास्त हसतोय. तो फोटो आता तो कुणाला दाखवत नाही.

मुक्कामाची खोली एका रस्त्यालगतच्या खाणावळीच्या माडीवर होती. संध्याकाळी चहा आला. मास्तर ॲपवर नव्या डब्याची माहिती लिहीत बसला, पाना बूट वाळवत बसला. बत्तिशीने कवळीचा डबा काढला. कवळी कोरडी पडू द्यायची नसते, रोज कापूस ओला करावा लागतो. त्याने टेप काढली, झाकण उघडलं आणि सवयीने वरून तांब्यातलं पाणी सोडलं.

पाणी आत गेलं आणि कापूस खाली बसला. कापसातून एक चिमुकला बूट वर आला.

बत्तिशीने कापूस बाजूला केला. शिट्टी होती, गोट्या होत्या, म्हणजे होतं सगळं, फक्त सासूबाईंचे दात तेवढे नव्हते.

"मास्तर," तो अगदी हळू आवाजात म्हणाला, "वाकून बघणारा माणूस जगात नाही ना रे?"

दोघांनी डब्यात डोकावून पाहिलं. पानाने आधी हसू दाबायचा प्रयत्न केला, मग ते दाबता येत नाही असं दिसल्यावर तो खिडकीशी जाऊन उभा राहिला. त्याची पाठ हलत होती.

"आत्ताच्या आत्ता निघू," बत्तिशी म्हणाला.

"गाडीचा एकच दिवा लागतो," पाना खिडकीकडे तोंड करूनच म्हणाला. "आणि तोही आकाशाकडे बघतो."

"तुझं गॅरेज आहे ना?"

"म्हणून तर. दुसऱ्यांच्या गाड्यांतून वेळ कुठे मिळतो?"

मास्तरने बत्तिशीला खाली बसवलं. "हे बघ, मी जागा अजून ॲपवर टाकलेली नाही. नुसतं लिहितोय. म्हणजे तो डबा तिथे आहे हे जगात आपल्या तिघांनाच माहीत आहे. सकाळी जाऊ, उचलू, हा ठेवू, जेवायला वेळेवर पोचू. सासूबाईंना कळायचंही नाही."

बोलणं मुद्द्याचं होतं. तरी बत्तिशीचा डोळा लागला नाही. त्याच्या डोळ्यांसमोर एक मुंगूस त्याची महिनाभराची मेहनत तोंडात धरून मक्यात शिरत होतं.

सकाळी चहा न घेताच ते निघाले, आणि इथे एक छोटीशी अडचण उभी राहिली. त्या रस्त्यावरचे सगळे थांबे एकाच माणसाने एकाच दिवशी बांधल्यासारखे होते. तेच छप्पर, तीच भिंत, तेच बाक.

"मास्तर, जागेची नोंद केलीस ना?"

"केली की." मास्तरने मोबाइल पुढे धरला. मग मागे घेतला. मग डोळ्यांजवळ नेला. "मी खाणावळीत बसून केली," तो म्हणाला. "यात खाणावळीची आलीये."

पानाने गाडी बाजूला घेतली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकलं. भूगोलाच्या मास्तराने नोंदवलेल्या जागेत त्या घटकेला फक्त खाणावळीच्या न्हाणीघराचा नळ होता.

मग काय, दिसेल त्या थांब्यावर उतरायचं आणि बाकाखाली शिरायचं. पहिल्या बाकाखाली कोंबडीने अंडं घातलं होतं. दुसऱ्या थांब्याच्या सावलीत एक बाई भाजीची टोपली घेऊन बसली होती. बाकाच्या एका टोकाला बत्तिशी आडवा होऊन आत शिरला, दुसऱ्या टोकाने पाना शिरला. बाईने शांतपणे पाय वर घेतले.

"काय हरवलंय दादा?" तिने मास्तरला विचारलं.

"दात," मास्तर म्हणाला. खोटं बोलायचं त्याच्या जिवावर येतं.

बाईने मास्तरच्या तोंडाकडे बघितलं. मग वाकून बत्तिशीच्या बघितलं, मग पानाच्या. तिघांचेही दात जागच्या जागी होते.

"तिघांचे मिळून?" ती म्हणाली.

"यांच्या सासूबाईंचे."

"त्या इथे बसल्या होत्या?"

"नाही. यांनीच काल लपवले."

बाईने टोपली उचलली आणि ती उन्हात जाऊन उभी राहिली. सासूचे दात लपवणाऱ्या माणसाबरोबर एका छपराखाली बसायचं नाही असं तिने ठरवलेलं दिसलं. बत्तिशीने बाकाखालून काहीतरी समजावून सांगायचा प्रयत्न केला, पण बाकाखालून माणसाचं बोलणं पटण्यासारखं निघत नाही.

शेवटी उन्हं चढल्यावर तो थांबा सापडला. खात्री पटली ती पानाच्या बुटाच्या चिखलावरून. कालच्या पावलांचे ठसे तिथे वाळून बसले होते. बत्तिशीने गाडी थांबायचीही वाट पाहिली नाही. तो आत शिरला, बाकाखाली हात घातला आणि डबा बाहेर काढला. तोच डबा होता, वर मास्तरचं कार्ड होतं.

टेप मात्र कापलेली होती. कडा सरळ, स्वच्छ कात्रीने कापल्यासारख्या.

"उघड," पाना म्हणाला.

"तू उघड," बत्तिशी म्हणाला.

पानाने झाकण काढलं. आत स्वच्छ पांढऱ्या कापसाची नीट घडी होती, आणि घडीवर कवळी ठेवलेली होती.

मास्तरने तर टाळीच वाजवली. पानाने बत्तिशीला उचलून एक गिरकी मारली. "बघ, लोक चांगले असतात!" तो म्हणाला. "बघितलं, ठेवलं. कोण कशाला दुसऱ्याचे दात नेतोय?"

बत्तिशी मात्र हसत नव्हता. त्याने कवळी बोटांत धरली, उलटी केली, उजेडाकडे नेली. डावीकडचा मागचा कोपरा घासून बोथट केलेला होता. तो त्यानेच घासला होता, ती वाजू नये म्हणून, आणि तरी ती वाजतच राहिली होती.

"ही ती नाही," तो म्हणाला. "ही दुसरी आहे."

"दुसरी म्हणजे?"

"सासूबाईंची दुसरी. जुनी. वाजणारी."

दूर मक्यात एक पंप चालू झाला. मास्तर थांब्याच्या मागे गेला आणि तिथेच उभा राहिला. थोड्या वेळाने त्याने हाक मारली. थांब्यामागून एक पायवाट निघत होती, ती मक्यातून सरळ जात होती आणि तिच्या टोकाला एका घराचं लाल छप्पर दिसत होतं. बत्तिशी त्या घरी आजवर नेहमी मोठ्या रस्त्याने, टेकडीला वळसा घालून गेलेला. मागच्या बाजूने ते घर त्याने कधी पाहिलंच नव्हतं. पण परसातल्या दोरीवर वाळत घातलेली बायकोची निळी ओढणी त्याने इथूनही ओळखली.

"आई रोज संध्याकाळी फिरायला जातात," तो म्हणाला. "थांब्यापर्यंत जाते आणि बसते, असं म्हणतात. मला वाटायचं कुठलातरी थांबा असेल."

"पण बाकाखाली वाकून कशाला बघतील?" मास्तरने विचारलं.

"त्यांनी जन्मभर वॉर्डांतून फेऱ्या मारल्यात. खाटेखाली वाकून बघितल्याशिवाय त्या खोलीतून बाहेर पडत नाहीत. अजूनही. आमच्याकडे आल्या तरी."

तेवढ्यात मोबाइल वाजला. बायको होती. "कुठे आहात? आई विचारतेय, जेवायला कधी येताय."

"कशा आहेत आई?"

"तशीच आहे. कालपासून एक शब्द बोललेली नाही. नुसती खुणा करतेय."

बत्तिशीने फोन खिशात ठेवला. दुसऱ्या खिशात जुनी कवळी होती. पळून जावं असं त्याला एकदा वाटलं, पण गाडी पानाची होती आणि पानाला भूक लागली होती.

जेवणाचं टेबल नीटनेटकं मांडलेलं होतं. मधोमध ताटात उकडलेली कणसं, वाफ निघत असलेली. सासूबाई टेबलाच्या टोकाला ताठ बसल्या होत्या, ओठ घट्ट मिटलेले. त्यांनी मानेनेच तिघांना बसायची खूण केली. बायकोने नवऱ्याकडे बघून भुवया उंचावल्या. आणली ना, असा त्याचा अर्थ. बत्तिशीने पाण्याचा पेला उचलला आणि रिकामा होईपर्यंत खाली ठेवला नाही.

"आई," तो म्हणाला, "कवळी तयार आहे. म्हणजे तयार होती. म्हणजे थोडं पॉलिश…"

सासूबाईंनी हात वर केला. तो गप्प झाला.

"राहू द्या, जावईबापू," त्या म्हणाल्या. "मला एक मिळाली."

त्या बोलल्या आणि काहीही वाजलं नाही. बायकोने मान वर केली. सासूबाई हसल्या, तोंडावर हात न ठेवता, आणि त्यांच्या तोंडात ओळीने दात होते.

"आई! हे कुठून?"

"बस थांब्यावरून. कुणीतरी खेळ मांडलाय तिथे. बाकाखाली डबा होता, वर लिहिलं होतं, आवडलं तर खुशाल घ्या. मी घेतली. घरी आणली, धुतली, औषधी पाण्यात रात्रभर ठेवली, सकाळी लावली. अशी बसली म्हणून सांगू, जणू माझंच माप घेऊन केलेली." त्यांनी एक कणीस उचललं. "कोण कारागीर असेल देव जाणे. हात फार चांगला आहे. माणूस जरा वेंधळा असावा, पण हात चांगला."

आणि त्यांनी कणीस खायला सुरुवात केली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एक ओळ, मग कणीस किंचित फिरवून दुसरी. घाई नाही, गडबड नाही. टेबलावर दुसरं कुणी खात नव्हतं. बायको आईकडे बघत होती आणि तिचे डोळे भरून आले होते. बत्तिशीही बघत होता. ते दात कसे चावताहेत, कुठे टेकताहेत, कुठे सुटताहेत, सगळं तो बघत होता, आणि ते कुठेही सुटत नव्हते. महिनाभर जे मेणात दिसत होतं ते आता समोर जेवत होतं.

"सोमवारची ती वेळ रद्द करून टाक," सासूबाई मुलीला म्हणाल्या. "थोरल्यांना सांग, रस्त्यावर मिळाली."

आता मात्र बत्तिशीला राहवेना. बोललं तर वेंधळेपणा पदरात पडत होता आणि गप्प बसलं तर कला हातची जात होती. साडूला 'रस्त्यावर मिळाली' असं कळणार, हे तर त्याला अगदीच सोसवेना.

"आई, ती मी केलीय," तो म्हणाला. "डबा चुकला. माझ्याच हातून चुकला."

सासूबाईंनी कणसाची ओळ पूर्ण केली. रुमालाने ओठ टिपले.

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. "आतल्या बाजूला तुमचा निळा ठिपका आहे. तिन्हींना आहे. आणि एवढा वाकडा जबडा या पंचक्रोशीत दुसऱ्या कुणाचा आहे? मी फक्त बघत होते, कबूल करायला किती कणसं लागतात ते."

पानाने खाली मान घालून कणसात तोंड लपवलं.

"मग आई," बत्तिशीने धीर करून विचारलं, "ती जुनी तिथे का ठेवलीत?"

"तसं लिहिलं होतं ना. बदल्यात तेवढ्याच मोलाची वस्तू ठेवा." सासूबाई जरा थांबल्या. पुढचं त्यांनी कणसाकडे बघतच सांगितलं. "घरभर शोधलं. तेवढ्या मोलाचं काही सापडेना. शेवटी जुनी नेऊन ठेवली. तिथे मी थोडी लबाडी केली."

टेबलाखालून बायकोने नवऱ्याचा हात धरला. बत्तिशी आणखी एक पेला पाणी प्यायला. सासूबाईंच्या तोंडून कौतुक निघालेलं त्या घरात कुणाच्या ऐकिवात नव्हतं, आणि तो दिवस असाच संपता तर ही गोष्ट सांगायची काही गरजच नव्हती.

"पण ती जुनी आता कुठे आहे?" सासूबाईंनी विचारलं.

बत्तिशीने खिशातून काढून टेबलावर ठेवली. टेबलावर टेकताना ती एकदा टक वाजली.

"आणि बदल्यात तिथे काय ठेवलंत?"

तिघांनी एकमेकांकडे बघितलं. बदल्यात त्यांनी तिथे काहीच ठेवलं नव्हतं. डबासुद्धा पानाने गाडीत टाकला होता.

"म्हणजे घेतलंत आणि काही न ठेवता आलात," सासूबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज आता अडखळत नव्हता, वाजत नव्हता, आणि त्यात सगळे वॉर्ड परत आले होते. "कार्ड कुणी लिहिलंय?"

मास्तरने शाळेतल्या मुलासारखा हात वर केला.

"मग आधी नियम पाळा. ही जिथून उचललीत तिथे नेऊन ठेवा. जेवण झाकून ठेवते."

त्यांनी ती नेऊन ठेवली. आधी शिट्टी आणि गोट्या ठेवून बघितलं, पण सासूबाई पायवाटेने मागोमाग आल्या होत्या आणि त्यांनी बाकाखाली वाकून बघितलं.

मास्तरने जागा ॲपवर टाकली, या वेळी थांब्यावर उभं राहून. नाव दिलं 'बाकाखालची कवळी'. तेव्हापासून त्या आडरस्त्यावर लोकांची रीघ लागली आहे. माणसं लांबून येतात, डबा उघडतात, किंचाळतात, फोटो काढतात आणि परत ठेवून जातात. ती बदल्यात घेऊन जायला कुणी तयार होत नाही. म्हणजे बत्तिशीने जन्मात केलेली सगळ्यात चांगली कवळी मक्याच्या शेतात एकटी बसून कणसं खाते, आणि सगळ्यात भिकार कवळी उभा मुलूख बघतो. ती गुपचूप काढून टाकायचं त्याने दोनदा ठरवलं. पण सासूबाई रोज संध्याकाळी फेरीला जातात, डबा उघडून बघतात आणि फोन करतात. "आहे हो जागेवर," असं सांगतात आणि मोकळ्या हसतात. ते हसू ऐकलं की याचा निश्चय मोडतो.

परवा साडूलाही या खेळाचा नाद लागला. ती कवळी कुणाची, हे त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. त्याने कुटुंबाच्या ग्रुपवर फोटो टाकला. थांब्याचं छप्पर, त्याचा हसरा चेहरा, आणि दोन बोटांच्या चिमटीत ती कवळी. खाली लिहिलं होतं: 'काय गमतीची वस्तू मिळाली बघा. असलं काम करणाऱ्याला कुणी दारात तरी उभं करत असेल का?'

सगळ्यात आधी सासूबाईंनी उत्तर दिलं. एक चेहरा पाठवला, सगळे दात दाखवणारा.

बत्तिशीने मोबाइल उचलला. काहीतरी लिहिलं, पुसलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा पुसलं. मग त्याने एक अंगठा टाकला आणि कामाला लागला. हल्ली तो प्रत्येक डब्यावर मोठ्या अक्षरांत नाव लिहितो.